नरसय्याचं माप

गेली कित्येक वर्षं श्रावण संपत आला की या दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन येतो आणि मी त्यांना धंद्यातला एखादा मजेचा किस्सा लिहून देतो. कडक भाकरीच्या डब्याबद्दल मी लिहिलं. विडीकामगार बायकांसाठी केलेल्या खुर्चीची फजिती लिहिली. मागच्या वर्षी त्यांनी आपणहून विचारलं, ‘बसस्टँडवरच्या नळाबद्दल लिहा की.’ मी गुडघ्याचं कारण पुढे केलं आणि त्या वर्षी काहीच दिलं नाही. यंदा त्यांचा फोन येण्याआधीच लिहायला बसलो आहे. त्या नळाबद्दल मी आजवर लोकांना जे सांगत आलो, त्यातल्या दोन गोष्टी खोट्या आहेत. एक, की आपल्या लोकांना चांगली वस्तू वापरता येत नाही. दुसरी, की साचा चुकला होता.

माझा धंदा काय, हे मला जन्मभर समजावून सांगावं लागलं. सोलापुरात डिझाइन म्हटलं की लोकांना चादरीवरची नक्षी आठवते. मुलाच्या लग्नाच्या बोलण्यात व्याह्यांनी विचारलं होतं, ‘म्हणजे तुम्ही चादरीवर मोर काढता का?’ मी म्हणालो, ‘नाही, मी कचऱ्याचा डबा काढतो.’ त्यांनी विषय लग्नाच्या पंगतीकडे वळवला. पण खरं तेच होतं. कचऱ्याचा डबा, पाण्याचा नळ, पोळपाट, शिडी, दुकानातलं बाकडं, चपला ठेवायचा घोडा. जी वस्तू माणूस दिवसातून दहा वेळा हाताळतो आणि एकदाही बघत नाही, ती जरा बरी करायची, हा माझा धंदा. वस्तू जमली की कोणाच्या लक्षातही येत नाही. फसली की सगळे नाव विचारतात.

भाकरीच्या डब्याची गोष्ट थोडक्यात सांगतो, म्हणजे काम कसं चालतं ते कळेल. सात रस्ता चौकाजवळ एक बाई कडक भाकरीचा व्यवसाय करायच्या. पुण्याला पार्सल पाठवल्या की निम्म्या भाकऱ्यांचा चुरा व्हायचा. मी मापं घेतली आणि पत्र्याचा गोल डबा करून दिला. बाईंनी पहिल्याच दिवशी परत आणला. म्हणाल्या, ‘डबा चांगला हाय हो, पण माझ्या भाकऱ्या तुमच्या डब्याला विचारून गोल होत न्हाईत.’ खरंच होतं. हाताने थापलेली भाकरी, एक मोठी, एक लहान. मग मी त्यांच्या ओट्याजवळ दोन दिवस नुसता बसून राहिलो. त्या भाकऱ्यांची चळत रचून झाली की वरून तळहात ठेवायच्या, अगदी हलका, झोपलेल्या पोरावर ठेवतात तसा. तो तळहात डब्यात घालायचा, एवढंच काम होतं. झाकणाच्या आतून मऊ स्प्रिंगवर एक चकती बसवली. ते डबे अजून चालतात.

विडीच्या बायकांची खुर्ची याच्या उलट. त्या दिवसभर जमिनीवर बसतात, मांडीत सूप, पाठीला टेका नाही. मला वाटलं, खुर्ची दिली की पाठ सुटेल. एका घरी नमुना ठेवला. महिन्याने गेलो तर खुर्चीवर धुतलेले कपडे होते आणि बाई खाली बसून विड्या वळत होत्या. मी काही विचारण्याआधीच म्हणाल्या, ‘लई कामाला येती हो तुमची खुर्ची.’ हे मी हसत सांगत आलो, कारण यात नुकसान झालं ते माझंच.

आता नरसय्या.

आम्ही दोघं एकाच गिरणीत होतो. मी ड्रॉइंग ऑफिसात, तो सुतारखात्यात. त्याचे आईवडील मागावर बसणारे, घरी तेलुगू. त्याला मात्र धाग्यापेक्षा लाकडाचा लळा. गिरणी बंद पडली तेव्हा मी चिंचोळीच्या एमआयडीसीत एक शेड भाड्याने घेतली आणि पहिला फोन त्याला केला. मला पॅटर्न करणारा माणूस हवा होता. हे काम बाहेरच्यांना माहीत नसतं, म्हणून सांगतो. धातूची वस्तू ओतायची तर आधी तिची लाकडी प्रतिकृती लागते. ती वाळूत दाबून काढली की तिच्या आकाराची पोकळी उरते, त्या पोकळीत वितळलेला धातू ओततात. त्या लाकडी प्रतिकृतीला पॅटर्न म्हणतात. आम्ही साचाच म्हणायचो.

यातली मुख्य गोष्ट अशी, की साचा वस्तूएवढा करून चालत नाही. धातू निवताना आकसतो. म्हणून साचा तेवढा मोठा ठेवावा लागतो, शिवाय पुढे लेथवर घासून जाईल तेवढी कडही जास्त धरावी लागते. किती मोठा, ते धातूवर अवलंबून. बीड म्हणजे ओतीव लोखंड, ते कमी आकसतं, पितळ जास्त. त्यासाठी साचेवाल्याकडे नेहमीची फूटपट्टी नसते. त्याच्या पट्ट्याच वाढीव खुणांच्या असतात, बिडाची वेगळी, पितळेची वेगळी. नरसय्याच्या खिशात या दोन्ही पट्ट्या कायम असायच्या. चुकून अदलाबदल होऊ नये म्हणून पितळेच्या पट्टीला त्याने पिवळा दोरा बांधला होता.

तो मला अण्णा म्हणायचा, वयाने माझ्याएवढाच असून. मी कागदावर काही काढून दिलं की तो ते उजेडात धरायचा.

‘अण्णा, चित्रात हे लई ग्वाड दिसतंय. पण वाळूतनं निघणार कसं?’

‘ते काढायचं काम तुझं बे.’

‘मग चित्र पण मीच काढतो की. तुमी चहा आणा.’

असं आमचं चालायचं. शेडमध्ये तिसरं कोणी नसायचं. दुपारी डबे उघडले की तो माझी शेंगाचटणी न विचारता घ्यायचा आणि ‘वहिनींनी तेल सुटोस्तवर कुटली न्हाय वाटतं’ असं म्हणत संपवायचा.

तर नळ. गावातल्या एका धर्मादाय मंडळाने ठरवलं, की बसस्टँडवर आणि बाजारात पाणपोया बांधायच्या. मंडळाचे अध्यक्ष बसवराजशेठ, कापडाचे व्यापारी, माणूस सज्जन आणि हट्टी. आपल्या गावात पाण्याची किंमत कोणाला सांगायला नको. नळाला चार-चार दिवस पाणी नाही आणि रस्त्यावर मात्र कुठलीतरी तोटी उघडी वाहते आहे, हे त्यांना बघवत नव्हतं. ते म्हणाले, ‘मल्लिनाथ, असा नळ करा की माणसाचा हात निघाला की पाणी थांबलं पाहिजे.’ मी म्हणालो, करतो. वरून दाबायचं बटण, आत स्प्रिंग, अंग जाड पितळेचं. दाबलं की पाणी, सोडलं की बंद. दाबाच्या तोट्या तशा रेल्वेत वगैरे होत्याच, पण त्या चोरीला जायच्या नाहीतर गळायच्या. माझा नळ भिंतीतून उपटता येत नव्हता आणि थेंबभर गळत नव्हता. त्याचा आकार मला आजही आवडतो. खांद्यासारखा उतरता, खरकटं कुठे अडकायला जागा नाही. नरसय्याने त्याचा साचा सागवानात केला आणि रंग देण्याआधी मला डोळे मिटून हात फिरवायला लावला. कुठे कोपरा लागला नाही.

माझी रीत अशी होती, की नवी वस्तू आधी घरी न्यायची आणि बायकोच्या हाती द्यायची. तिला काही सांगायचं नाही, फक्त बघायचं. पण भिंतीतला नळ घरी कसा नेणार? म्हणून चाचणी शेडमध्येच घेतली. लोखंडी घोडीवर पाण्याचं पिंप चढवलं, खाली नळ. ऐन उन्हाळा, पत्रे तापलेले. नरसय्याने बटण दाबलं, मी ओंजळ धरून प्यालो. मग मी दाबलं, तो प्याला.

‘दाबा की अण्णा नीट. हात का आखडता घेताय, पाणी काय तुमच्या बापाचं हाय?’

मी मुद्दाम जोरात दाबलं, त्याचा सदरा भिजला. तो तसाच ओला उभा राहिला, म्हणाला, बरं वाटलं. आम्ही तो दिवसभर येता-जाता त्या नळाचं पाणी पीत होतो. एकाला तहान लागली की दुसरा उठायचा. नळ पास झाला.

पाणपोया सुरू झाल्या. मंडळाने सभा घेऊन माझा सत्कार केला. नरसय्या मागच्या रांगेत होता, टाळ्या वाजवत. मी भाषणात त्याचं नाव घेतलं की नाही, ते मला आठवत नाही. म्हणजे बहुतेक घेतलं नसावं.

पावसाळ्याच्या आत तक्रारी सुरू झाल्या. लोकांनी नळ बांधून टाकले होते. म्हणजे बटण खाली दाबून त्यावरून सायकलच्या ट्यूबचा तुकडा आवळायचा, की पाणी अखंड चालू. बाजारातल्या पाणपोईवर बटणावर वीट ठेवलेली असायची. ज्या नळाने पाणी वाचवायचं त्याखालून गटार वाहायला लागलं. बसवराजशेठ संतापले. मी त्यांना म्हणालो, ‘लोकांना सवय नाही हो, लागेल हळूहळू.’ हेच पुढे मी सगळ्यांना सांगत राहिलो.

मग एक दिवस मी बसस्टँडवर जाऊन पाणपोईसमोरच्या बाकावर बसलो. अक्कलकोटची गाडी लागली होती. एक बाई पोराला घेऊन आली, तिने दाबलं, पोर प्यालं. मग ती पोराला उचलून म्हणाली, दाब, आणि ती प्याली. दोन कॉलेजची मुलं आली, तीही तसंच करून गेली. मला वाटलं, चालतंय की सगळं. नंतर एक म्हातारा आला. धोतर, टोपी, खांद्याला पिशवी, बरोबर कोणी नाही. त्याने दोन्ही हातांची ओंजळ नळाखाली धरली. पाणी आलं नाही. त्याने वर बघितलं, उजव्या हाताने बटण दाबलं, डाव्या पंजात पाणी धरलं. पंजात राहतं किती? तोंडापर्यंत नेईतो कोपरावरून गळून गेलं. पुन्हा केलं. मग पिशवी खाली ठेवून कोपराने बटण दाबून बघितलं, पण मग ओंजळ नळाखाली येईना. आजूबाजूला बघितलं. ज्या माणसाशी त्याची नजर भेटली तो माणूस मी होतो. तो मला म्हणाला, ‘जरा दाबता का, मालक?’

मी उठून दाबलं. तो पोटभर प्याला, तोंड पुसलं, देव भलं करो म्हणाला आणि गेला.

मी परत बाकावर येऊन बसलो. आपला माणूस ओंजळीने पाणी पितो. ओंजळीला दोन हात लागतात. माझ्या नळाला तिसरा हात लागत होता. ज्याच्याबरोबर कोणी आहे त्याचं भागत होतं. एकट्या माणसाला तहानलेलं राहायचं, नाहीतर ट्यूब बांधायची. आणि हे आम्हाला दिसलं नाही, कारण आम्ही दोघं होतो. तो दाबत होता, मी पीत होतो. मी दाबत होतो, तो पीत होता. भर उन्हाळ्यात दिवसभर आम्ही त्या नळाचं पाणी प्यालो आणि दोघांपैकी एकही जण एकदाही एकट्याने प्याला नाही.

इथवरची चूक दोघांची होती आणि त्यात लाज वाटावी असं काही नाही. या धंद्यात असं होतं. मी तसाच उठून मंडळाच्या ऑफिसात गेलो असतो, शेठना हे सांगितलं असतं, तर हा लेख मजेचा झाला असता.

मंडळाने शेडमध्येच बैठक घेतली. बसवराजशेठ स्वतः आले, बरोबर दोन सभासद. नरसय्या त्या दिवशी फाउंड्रीत गेला होता. टेबलावर मी ड्रॉइंग पसरलं होतं, बाजूला नळाचा साचा होता. काम झालं की साचे फाउंड्रीतून परत येतात, त्यामुळे तो तिथे होताच. मी कसं सुरू करावं याचा विचार करत होतो. शहरातली बाकडी आणि कचऱ्याचे डबे यांचं मोठं काम मंडळ मलाच देणार होतं आणि त्याच बैठकीत त्यावरही बोलायचं होतं. ज्याला साधा नळ जमला नाही त्याला बाकडी कोण देणार, हे माझ्या मनात होतं.

शेठनी खिशातून आपली पट्टी काढली. ‘आम्ही कापडवाले,’ ते म्हणाले, ‘आमच्या मापात चूक होत नसती.’ त्यांनी पट्टी आधी ड्रॉइंगवर लावली, मग साच्यावर. पुन्हा ड्रॉइंगवर, पुन्हा साच्यावर.

‘हे मोठं आहे की.’

मी ड्रॉइंगचा दुमडलेला कोपरा सरळ केला.

‘मल्लिनाथ, तुमच्या कागदावर एवढं आहे आणि लाकडात एवढं. हे कुणी केलं?’

‘साचेवाल्याने,’ मी म्हणालो.

‘मग नळ बिघडणारच. आत सगळं ढिलं बसत असणार. लोक बांधतील नाहीतर काय करतील?’ सभासदांनी माना डोलावल्या. साचा मोठाच असावा लागतो, हे सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं. पितळ आकसतं, शेठ. मी पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे सरकवला आणि म्हणालो, ‘बघतो मी. साचा बदलून घेतो.’

मी खोटं बोललो नाही, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला समजावलं. माप त्यांनी घेतलं, निष्कर्ष त्यांनी काढला. पण ओतून आलेलं प्रत्येक नळाचं अंग लेथवर मी स्वतः घासलं होतं. एकही तुकडा कमी-जास्त निघाला नव्हता. हे मला माहीत होतं.

एमआयडीसीत बातमी चालत जात नाही, सायकलवरून जाते. संध्याकाळच्या आत ती फाउंड्रीत पोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी नरसय्या माझ्याआधी शेडवर येऊन बसला होता. डबा उघडून ठेवलेला, खाल्लेला नाही. मला वाटलं, भांडेल. त्याने भांडायला हवं होतं, मीही तयारीने आलो होतो.

तो म्हणाला, ‘अण्णा, माझं माप चुकलं व्हय?’

मी शर्ट खुंटीला अडकवला.

‘मी रात्रभर आठवून बघतोय. त्या टायमाला पंपाच्या झाकणाचा साचा पण चालू होता. ते बिडाचं. मी हितं पण बिडाचीच पट्टी लावली व्हय, की दोन्ही पट्ट्यांचा घोळ केला? दोरा बांधलेला हाय, तरी माणूसच की. तुमाला काय वाटतं?’

बिडाची पट्टी लावली असती तर नळ लहान आला असता. शेठ तर म्हणत होते साचा मोठा आहे. एवढं साधं त्याच्या लक्षात यायला हवं होतं, पण तो घाबरला होता आणि घाबरलेल्या माणसाला आपलाच धंदा आठवत नाही. माझ्या लक्षात आलं होतं. मी म्हणालो, ‘असेल.’

एवढंच. ‘असेल.’

तो उठला, माझ्या पायाला हात लावायला वाकला. मी मागे सरकलो. ‘तुमचं नाव घालवलं अण्णा मी,’ तो म्हणाला.

नंतर मी नळ दुरुस्त केला. चूक आता मला माहीत होती, त्यामुळे उपाय अवघड नव्हता. आत रबराची एक वाटी बसवली आणि तिला बारीक छिद्र ठेवलं, म्हणजे बटण एकदा दाबलं की ते लगेच वर न येता सावकाश येतं. तेवढ्या वेळात एका माणसाची ओंजळ दोनदा भरते. या वेळी चाचणी मी एकट्याने घेतली. नरसय्याला मी दुसऱ्या कामाला लावलं होतं. घोडीवर पिंप, खाली नळ आणि मी. एकट्याने दाबलं, एकट्याने प्यालो. नळ चांगला चालत होता. पाणी मात्र कोमट होतं आणि हसायला कोणी नव्हतं.

बाहेरचं अंग तेच होतं. त्यात बदलायला काहीच नव्हतं. पण शेठना साचा बदलतो म्हणून सांगितलं होतं. म्हणून मी नरसय्याचाच साचा घरी नेला, त्यावरचा लाल रंग पॉलिश पेपरने घासून काढला आणि काळा लावला. तुटक्या ब्रशचे दोन केस त्या रंगात चिकटले, तेही काढले. शेठना दाखवला. त्यांनी या वेळी पट्टी काढली नाही. नरसय्याला मी सांगितलं, की मंडळाच्या आग्रहाने साचा कोल्हापूरहून करून आणला आणि परस्पर फाउंड्रीत दिला. तो म्हणाला, ‘बरं केलं. कोल्हापूरचा हात चांगला असतोय.’

नवे नळ बसले, ट्यूबा निघाल्या, बाकड्यांचं काम मला मिळालं. माझा दुसऱ्यांदा सत्कार झाला. या वेळी नरसय्या आला नव्हता.

त्याचं पुढे काय झालं, ते मी रोज बघत होतो. तो प्रत्येक माप पुन्हा-पुन्हा घ्यायला लागला. जो साचा पूर्वी आठवड्यात व्हायचा त्याला महिना लागायचा. पट्टी माझ्यापुढे धरून विचारायचा, ‘अण्णा, ही पितळेचीच न्हवं?’ पिवळा दोरा दिसत असायचा. मी म्हणायचो, ‘अरे हो.’ पूर्ण झालेला साचाही माझ्यापुढे ठेवायचा, ‘एकदा तुमी बघा, मग देतो.’ मी बघायचो आणि बरोबर आहे म्हणायचो. त्याला ते खरं वाटत नसे. त्याला वाटायचं, मी त्याचं मन राखतो आहे. फाउंड्रीवाल्यांनी हळूहळू त्याला काम देणं थांबवलं. त्यांच्यातला एकजण मला म्हणाला, ‘तुमच्या नरसय्याचा हात गेला.’ मी विषय बदलला.

एका सोमवारी तो आला नाही. निरोप आला, की भावाच्या यंत्रमागावर कांड्या भरायला जातो, डोळे साथ देत नाहीत. डोळे चांगले होते. त्याची हत्यारं शेडमध्येच राहिली. मी ती बरीच वर्षं ठेवली आणि शेड सोडताना भंगारवाल्याला दिली, कारण ती घेऊन त्याच्या दारात जायचं माझ्याच्याने झालं नाही.

तो गेल्यावर मी दुसरा साचेवाला कधी ठेवला नाही. कोल्हापूरहूनच करून आणायचो, खरोखरच. वस्तू बऱ्या व्हायच्या. चित्रात हे ग्वाड दिसतंय असं म्हणणारं कोणी नव्हतं. पुढे बायको गेली, मुलगा पुण्यात स्थिरावला. आता एक कप चहा करताना दूध किती घ्यायचं, याचा अंदाज मला अजून येत नाही. तक्रार म्हणून हे सांगत नाही. पण घरात बोलायला कोणी नसलं की माणूस स्वतःचंच जुनं बोलणं ऐकत बसतो. माझ्या वाट्याला तो एक शब्द आला, ‘असेल.’

गेल्या वर्षी थंडीत मी रिक्षा करून शहराच्या पूर्व भागात त्याच्या घरी गेलो. काय बोलायचं ते ठरवलं होतं. वाटेत पुन्हा-पुन्हा म्हणून बघितलं होतं, रिक्षावाल्याने एकदा मागे वळून विचारलंसुद्धा, ‘मुझे कुछ बोले क्या, चाचा?’

नरसय्या दारातच खाटेवर होता, अंगावर चादर. फार वाळला होता. मला बघून त्याने उठायचा प्रयत्न केला. सुनेला तेलुगूत काहीतरी सांगितलं. ती चहा घेऊन आली तेव्हा मी विचारलं, ‘काय म्हणाला गं तो?’

ती लाजून हसली. ‘मामा म्हणतात, हे आमचे साहेब. माझ्या हातनं यांचं लई मोठं काम बिघडलं, पण यांनी मला कधी एक शब्द बोलला नाही.’

मी कप खाली ठेवला. आता बोलायचं, असं ठरवलं. पण तोच बोलायला लागला. त्याला खूप दिवसांनी कोणीतरी भेटलं होतं.

‘अण्णा, मधी मी बसस्टँडवर गेलतो, डोळ्याच्या दवाखान्याला जाताना. तुमच्या नळावर पाणी प्यालो. ह्या पोरीला लांब उभी केली, म्हणलं, मला एकट्याला पिऊ दे. दोनदा ओंजळ भरली, मग आपसूक बंद.’ त्याने हवेत हात फिरवून दाखवला, वरून खाली, खांद्यासारखा उतार. ‘डोळं मिटून हात फिरवला. कुटं कोपरा न्हाय. कोल्हापूरवाल्यानं काय साचा केलाय हो. असं काम मला जन्मात जमलं नसतं.’

मी त्याच्या हाताकडे बघत राहिलो. तो अजून हवेत होता.

‘तब्येतीला जप,’ मी म्हणालो.

त्याने मला शेवटच्या पायरीपर्यंत सोडलं, सुनेच्या खांद्यावर हात ठेवून. पुढच्या आठवड्यात परत यायचं, असं मी रिक्षात बसता-बसता ठरवलं. मग गुडघा, मग मुलाकडे पुणे, मग उन्हाळा. जुन्या फाउंड्रीवाल्याचा फोन आला तेव्हा नरसय्या गेला होता, दिवस व्हायचे होते.

मी भेटायला गेलो. घरात पाहुणे होते, सगळे तेलुगूत बोलत होते. सून पाणी घेऊन आली. मी तिला म्हणालो, ‘त्याचं माप चुकलं नव्हतं.’

‘कसलं माप, काका?’

तिला सांगायचं तर वाळूपासून सांगावं लागलं असतं. पितळ, बीड, पट्ट्या, रंग. ती तांब्या घेऊन उभी होती, दारात आणखी माणसं चपला काढत होती. मी म्हणालो, ‘काही नाही, बाळ.’ पाणी प्यालो आणि उठलो.

ज्याला एका वाक्यात सगळं कळलं असतं, असा माणूस एकच होता. आणि मी जे पाठ करून गेलो होतो ते खरंच एवढंसंच होतं. नरसय्या, नळाला तू पितळेचीच पट्टी लावली होतीस. कोल्हापूरचा कोणी नाही, तो साचा तुझाच आहे. तू विचारलंस तेव्हा मला हे माहीत होतं. मला माफ कर.